दिव्याखालची हनुवटी

"अहो, तुमच्या या दिव्यात दोन तोंडं आहेत!" बायकोची हाक आली तेव्हा त्याच्या तोंडात ब्रश होता आणि फेस पार ओघळून गळ्यापर्यंत आला होता. त्याला आधी वाटलं, दिव्यात किडा-बिडा शिरला असेल. तो तसाच बाहेर आला. बायको जेवणाच्या टेबलापाशी उभी होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आज चौथा दिवस. डॉक्टरांनी बजावून घालायला दिलेला काळा चष्मा तिने खुशाल कपाळावर चढवला होता, एक डोळा तळहाताने झाकला होता आणि दुसऱ्या, नव्याकोऱ्या डोळ्याने ती हात लांब करून एक खोकं बघत होती. लेकीने आईला उशाशी ठेवायला म्हणून पाठवलेल्या दिव्याचं खोकं. त्यावर दिव्यांच्या कंपनीचा लोगो होता, आणि तो लोगो एकतीस वर्षांपूर्वी त्यानेच काढलेला होता. "हे बघा, हा मधला काळा दांडा. त्याच्या या बाजूला पांढऱ्यात एक पुरुष आहे, आणि त्या बाजूला एक बाई. समोरासमोर. हे तुम्ही मुद्दाम केलंत, की चुकून झालंय?" तो ब्रशच्या आडून "मुद्दाम" म्हणाला. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? मला आपला दिवाच दिसत होता," ती म्हणाली, आणि खोकं आणखी लांब धरून तिने निकाल दिला, "छान आहे हो. बाईची हनुवटी तेवढी फारच पुढे आलीय. कोण आहे ती?" तेवढ्यात दूध वर आलं आणि ती आत पळाली. त्याने पेस्ट गिळून टाकली. कारण ती हनुवटी तिची होती.

साठीला टेकलेल्या माणसाला सकाळी साडेसातला असा धक्का बसला तर त्याने करावं काय? त्याने अंघोळ केली, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली, बायकोच्या डोळ्यात आठचा थेंब घातला आणि रोजच्यासारखा कामाला निघाला. रोज तो बसने जायचा, आज चालत गेला. एवढंच होतं की तिला दिसलं नव्हतं, असं तो स्वतःला बजावत होता. लोकांना नसतं दिसत. त्याच्या धंद्यात हे काय नवीन होतं? निम्म्या लोकांना पांढरं दिसतं, निम्म्यांना काळंच दिसतं, आणि दोन्ही दिसलेला माणूस एकदम हसतो. त्या हसण्यासाठीच तर हा सगळा आटापिटा. पण तिला दिसलं नव्हतं याचा अर्थ निराळा होता. तो अर्थ चपलेत खडा शिरावा तसा प्रत्येक पावलाला टोचत होता. त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं ते त्या दिव्यानेच. तोंडाने विचारलंच नव्हतं. कागद समोर ठेवला होता आणि "दिसतंय?" एवढंच म्हणाला होता, आणि ती "हो" म्हणाली होती. आता तिला जर तेव्हा दिवाच दिसत होता, तर ती हो कशाला म्हणाली? दिव्याला?

याचं खापर खरं तर मास्तरांच्या डोक्यावर फोडायला हवं होतं, पण मास्तर जाऊन पंधरा वर्षं झाली. मास्तर म्हणजे त्याच्या पहिल्या स्टुडिओचे मालक. माणूस बुटका, तिरसट, आणि डोकं असं की बघत राहावं. शिड्या बनवणाऱ्या एका कारखान्याचं लेटरहेड त्यांनी केलं तर सगळा कागद कोरा आणि पत्ता पार वरच्या कडेला, कात्रीने कापला जाईल इतका वर, म्हणजे तो वाचायला शिडीच लागावी. दातांच्या एका डॉक्टरांचं व्हिजिटिंग कार्ड केलं, त्याच्या कोपऱ्यात टोचून टोचून दाढेच्या आकाराचा एक तुकडा, ओढला की उपटून हातात येणारा. लोकांना ते इतकं आवडलं की दवाखान्यात पोचेपर्यंत सगळ्यांच्या दाढा उपटून झालेल्या असायच्या, आणि डॉक्टर कुरकुरत पुन्हा नवी कार्डं छापायला यायचे. मास्तरांचा नियम एकच. कल्पना समोरच्यापुढे ठेवायची आणि तोंडाला कुलूप घालायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. दहाच्या आत समोरचा हसला तर कल्पना जगली. नाही हसला तर कागद उचलायचा, आभार मानायचे आणि नवं काम सुरू करायचं. समजावायचं मात्र नाही, जीव गेला तरी नाही. "अरे, विनोद समजावून सांगणं म्हणजे मेलेल्या माणसाला औषध पाजणं," असं ते म्हणायचे, आणि कुणी चुकून एक शब्द बोललाच तर टेबलाखालून लाथ घालायचे. त्या लाथांचे वळ त्याच्या पोटरीवर नसले तरी स्वभावावर उठले होते. जगातली कुठलीही महत्त्वाची गोष्ट समोर ठेवून तो गप्प बसायचा आणि मोजायचा. लेक परगावी नोकरीला निघाली तेव्हाही त्याने तिच्या हातात एक पाकीट ठेवलं होतं आणि तो नुसता उभा होता, आणि लेक रडत हसत म्हणाली होती, "बाबा, मोजू नका हो, काहीतरी बोला!"

आणि ती, म्हणजे आताची बायको, तेव्हा स्टुडिओच्या खाली औषधांच्या दुकानात काउंटरला होती. डॉक्टरांचं कुठलंही गिचमिड अक्षर बघता बघता वाचणारी. चिठ्ठीकडे एक नजर, की पाठीमागच्या साडेतीनशे खणांपैकी नेमका खण. त्याने तिच्याकडून डोकेदुखीच्या इतक्या गोळ्या नेल्या होत्या की तेवढं दुखायला एक डोकं पुरलं नसतं. बोलायची छाती मात्र होत नव्हती. मग दिव्यांच्या कंपनीचं काम आलं. त्याने दिवा काढायला घेतला, वर टोपी, मध्ये कोरलेला दांडा, खाली बैठक, आणि दांड्याच्या वळणाशी खेळता खेळता एका बाजूला त्याला स्वतःचं बाकदार नाक दिसलं. मग दुसऱ्या बाजूला कुणाला बसवायचं, हे ठरवायला वेळ लागला नाही. पुढचे आठ दिवस तो दुकानात गेला की फक्त तिच्या चेहऱ्याची कड पाठ करून यायचा. कपाळ, नाक, किंचित उघडे ओठ, आणि ती हनुवटी. वरच्या फळीवरची बाटली काढायला ती मान वर करायची तेव्हा ती हनुवटी अशी काही पुढे यायची, की त्याच्या हातातली गोळ्यांची पट्टी तशीच राहायची. ती हनुवटी काढताना त्याचा हात एकदाही अडखळला नव्हता. काम पुरं झालं तेव्हा मास्तरांना दाखवण्याआधी तो कागद घेऊन खाली गेला, काउंटरच्या काचेवर ठेवला, "दिसतंय?" म्हणाला आणि मोजू लागला. सातला ती हसली आणि "हो" म्हणाली. आठ मोजायची गरजच उरली नाही. रविवारी तो आईला घेऊन तिच्या घरी गेला. आईने एका बैठकीत तारीख पक्की करून टाकली, आईचा झपाटाच तसा. आता रस्त्याने चालता चालता त्याच्या डोळ्यांपुढे तो रविवार फिरून उभा राहत होता आणि प्रत्येक वेळी जरा वेगळा दिसत होता. सोफ्याच्या कडेला बसलेली ती. "आमच्याकडून पक्कं हं," असं तिच्या वडिलांना सांगणारी आई. सगळ्यांचे हसरे चेहरे. एखाद्या भिडस्त मुलीला त्यात नाही म्हणायला जागा तरी कुठे होती? आणि ती भिडस्त होतीच. अजूनही भाजीवाल्याने तोललेली शिळी भाजी परत द्यायला तिच्या जिवावर येतं. म्हणजे आपण एका दिव्याला मिळालेला होकार घेऊन एकतीस वर्षं संसार करत आलो की काय?

मग त्याने पुरावे काढायला सुरुवात केली. पुलाजवळ त्या कंपनीचं भलंमोठं होर्डिंग होतं, पंधरा-सोळा वर्षं होतं. तिथून जाताना तो दर वेळी तिचं कोपर हळूच दाबायचा आणि तीही दाबायची. पण आज आठवलं, ती म्हणायची, "हो हो, तुमचा दिवा, बघितला." तुमचा दिवा. आपला नाही. त्या लोगोला बक्षीस मिळालं तेव्हा परीक्षकांनी स्टेजवरून सगळं फोड करून सांगितलं होतं. तेव्हा ती सभागृहात असती तर प्रश्नच मिटला असता, पण लेक होती आठ महिन्यांची, नेमकी तेव्हाच भोकाड पसरून बसलेली, आणि ही तिला घेऊन बाहेर फेऱ्या मारत होती. लेकीला तर सहाव्या वर्षीच दिसलं होतं. "बाबा, हे कोण?" "ही आई, हा मी." "आईची हनुवटीच आहे!" म्हणून ती टाळ्या पिटत पळाली होती, आणि आईला सगळं ठाऊकच असणार म्हणून तीही कधी बोलली नाही. घरात तीन माणसं, त्यातल्या दोघांना माहीत, आणि जिचं चित्र तिला पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं त्याच्या मनात आलं आणि एवढ्या विवंचनेतही त्याला हसू फुटलं. पण हसू फार टिकलं नाही. त्याला भीती वाटत होती. त्याचं तिच्यावर प्रेम होतं. रोज उठून तिच्या डोळ्यात थेंब घालायला मिळतो याचाही त्याला गेले चार दिवस आनंद होत होता. आणि आज प्रथमच त्याला कळत नव्हतं, की ते सगळं मागायची परवानगी आपल्याला कुणी दिली होती का.

ऑफिसात गेल्या गेल्या त्याने कुरळीला गाठलं. कुरळी म्हणजे त्याच्या हाताखालची सगळ्यात हुशार डिझायनर. केसांमुळे हे नाव पडलं होतं आणि तिला ते चालायचं. "आपल्या त्या दिव्याच्या लोगोत तुला काय दिसतं ग?" "सर, काय हे! तो तर आम्हाला कॉलेजात शिकवलाय. दोघं नवरा-बायको. भांडून बसलेत ना?" "भांडून?" "मग? एवढे तोंडासमोर तोंड करून बसलेत आणि एक शब्द बोलत नाहीयेत." तो आपल्या खोलीत जाऊन बसला. तिथे बसूनही चैन पडेना, म्हणून उठून खिडकीशी उभा राहिला.

अकराला गादीवाले आले. काका आणि पुतण्या, गाद्यांचा जुना कारखाना, आणि त्यांना हवा होता नवा लोगो. कल्पना कुरळीची होती आणि बावनकशी होती. एक काळी आडवी रेघ, डोंगरांच्या रांगेसारखी वर-खाली होत गेलेली, आणि तिच्यामागून उगवणारा गोल सूर्य. नीट बघितलं की कळायचं, ते डोंगर नाहीत. कुशीवर झोपलेला माणूस आहे. हे डोकं, हा खांदा, ही कंबर, आणि कमरेच्या खळगीतून सकाळ उगवतेय. कुरळीने कागद टेबलावर ठेवला आणि ओठ मिटून घेतले, नियमाप्रमाणे. मास्तरांचा नियम आता या ऑफिसचा नियम होता. त्याने स्वतःच तो सगळ्यांना घोटून घोटून शिकवला होता. एक, दोन. काकांनी चष्मा पुसला. तीन. "डोंगर आहेत," काका म्हणाले. चार. "आपण गाद्या विकतो, डोंगर कशाला?" पुतण्याने मान डोलावली. पाच. कुरळीचं बोट टेबलाच्या कडेवर पांढरं पडलं होतं. याआधी शेकडो वेळा त्याने ही शांतता बघितली होती. कितीतरी सोन्यासारख्या कल्पना दहा मोजून गुंडाळून ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी आपण काहीतरी इमान राखलं असं त्याला वाटलं होतं. सहा. "तो माणूस आहे," तो म्हणाला. त्याचा स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. कुरळीने अशा काही नजरेने बघितलं, जणू त्याने तिच्या घराला आग लावली होती. "झोपलाय तो," त्याने रेटून सांगितलं, "कुशीवर. हे डोकं. हा खांदा. आणि ही सकाळ झाली." त्याने टेबलाखाली पाय आखडून घेतले. लाथ आली नाही. काका खाली वाकले. "अरेच्चा!" ते म्हणाले, आणि मग असे काही हसले की पुतण्याला पाणी आणायला उठावं लागलं. "अहो, हा तर मीच! माझी बायको म्हणते, झोपलात की डोंगर आडवा पडल्यासारखे दिसता!" त्यांनी कागद उचलला, पुतण्याला दाखवला, बोटाने डोकं, खांदा, कंबर सगळं पुन्हा समजावून सांगितलं, आणि पुन्हा पहिल्याइतकंच हसले. ते गेल्यावर कुरळी म्हणाली, "सर, तुम्ही मोजलं नाहीत." "सहापर्यंत मोजलं," तो म्हणाला, "पुढचे चार आकडे जरा जास्तच होते ग."

चारच्या सुमारास त्याने कपाटाच्या तळातून जुना फोल्डर काढला, काखेत मारला आणि बसने घरी आला. बायको आरामखुर्चीत बसली होती. सहाचा थेंब अजून राहिला होता. तिला वाकायला मनाई, वाचायला मनाई, स्वयंपाकघरात तर पाऊलच टाकायचं नाही असं ठरलेलं, तरी गॅसवर आमटी होतीच. त्याने हात धुतले, बाटली हलवली. तिने मान मागे टाकली, आणि तो थबकला. खिडकीतून तिरपा उजेड येत होता आणि ती कड जशीच्या तशी होती. हनुवटीखाली कातडी जरा सैल झाली होती इतकंच. "घाला ना, मान दुखते," ती म्हणाली. त्याने थेंब घातला. "आता पाच मिनिटं डोळे उघडायचे नाहीत," तो म्हणाला, आणि त्याच्या लक्षात आलं की हीच वेळ आहे. ती बघू शकणार नव्हती. जे काय सांगायचं ते तोंडानेच सांगायला लागणार होतं. तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने ते चित्र बोलून दाखवलं. टोपी, दांडा, बैठक. दांड्याच्या डावीकडे बाकदार नाकाचा एक गडी. उजवीकडे बाई. "ती बाई तू आहेस. हनुवटी तुझी आहे. मी आठ दिवस पाठ केली होती. आणि तुला मी लग्नाचं विचारलं ते त्याच कागदाने, दुसरं काही नव्हतंच विचारलं. तुला तेव्हा ते दिसलंच नव्हतं, हे मला आज सकाळी कळलं. मग तू हो म्हणालीस ते... म्हणजे तुला कुणी नीट विचारलंच नाही ग. आई आली आणि आईने उरकून टाकलं. तुला नाही म्हणायचं असेल तर..." इथे त्याला स्वतःचंच हसू आलं. तो सवयीने मोजू लागला. दहा झाले. ती डोळे मिटून तशीच होती. अकरा. बारा. मिटलेल्या पापणीखालून औषधाचा ओघळ गालावर आला, औषधाचाच असावा. चौदा.

"म्हणजे तुम्हाला वाटतं, मी दिव्याला हो म्हणाले?" तिने विचारलं.

"तुला दिवाच दिसत होता ना?"

"अहो, दिव्याला कोण हो म्हणतं?" ती खुर्चीत सरळ झाली, डोळे मिटलेलेच. "तुमच्या त्या कागदाकडे बघितलं कुणी होतं? महिन्यात अकरा वेळा डोकं दुखलेला माणूस एक दिवस तोंड पांढरंफटक करून येतो, काचेवर हात ठेवतो, आणि तो हात असा थरथरतो की आतल्या बाटल्या वाजायला लागतात. वर विचारतो, दिसतंय? आंधळ्यालाही दिसलं असतं. तुमच्या मागे तो खोकणारा आजोबा उभा होता. तो काय म्हणाला, आठवतंय?"

"कोण आजोबा?"

"म्हणाला, 'पोरी, हो तरी म्हण नाहीतर नाही तरी म्हण, मला औषध हवंय.' अख्खं दुकान हसत होतं. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

नव्हतं आलं. तो मोजत होता. इतका जीव लावून मोजत होता, की त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला विनोद त्याच्या पाठीमागे होऊन गेला होता आणि त्याला पत्ता नव्हता. त्याला हसू आवरेना, आणि मग डोळ्यांतलं पाणीही आवरेना. "झाली का पाच मिनिटं?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता डोळे उघडले. "आणा तो कागद. आणलाय ना? तुमच्या काखेत फोल्डर होता, आल्या आल्या बघितला मी."

त्याने पिवळा पडलेला ट्रेसिंग पेपर तिच्या हातात दिला. तिने तो उजेडासमोर धरला. बराच वेळ बघितला. एकदा त्याच्या नाकाकडे बघितलं आणि एकदा कागदावरच्या. मग म्हणाली, "नाक बरोबर आहे. पण आठ दिवस बघत होतात म्हणता, आणि हनुवटी ही अशी? मार्कर द्या." "अगं, ओरिजिनल आहे तो!" "मग मीही ओरिजिनलच आहे. द्या." त्याने मार्कर दिला, काय करणार. तिला वाकायची बंदी होती म्हणून तिने कागद खिडकीच्या काचेवर टेकवला, एक डोळा झाकला, आणि मापाने औषध ओतणाऱ्या हाताने हनुवटीच्या टोकाला काळ्याची एक बारीक कड भरली. पांढरं कमी करायचं तर काळं भरायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मग त्याने बघितलं. दांड्याचं वळण सुटसुटीत झालं होतं, दिवा जरा ताठ उभा राहिला होता, आणि एकतीस वर्षं त्याला त्यात जे काहीतरी खटकायचं ते आता खटकत नव्हतं. खोटं कशाला बोला, लोगो सुधारला होता.

तिने कागद त्याच्यासमोर धरला आणि काही न बोलता उभी राहिली.

"हो," तो म्हणाला. त्याचं अजून एकसुद्धा मोजून झालं नव्हतं.